झोप लागत नाही? रात्रीची लाईट, उन्हाळ्याचा उकाडा अन् डोक्यातले हिशेब : कारणं, उपाय आणि कुठे दाखवायचं याची माहिती

जळगाव / धुळे : "रातभर डोयाले डोया लागना नही भाऊ." सकाळी चहाच्या टपरीवर, दूध डेअरीच्या रांगेत हे वाक्य आता रोजचं झालंय. रब्बीत रात्रीच्या लाईटीमुळे जागरण, उन्हाळ्यात उकाड्यामुळे जागरण, आणि कापसाच्या भावाचा किंवा सोसायटीच्या कर्जाचा विचार डोक्यात घुसला की बाराही महिने जागरण. बरेच जण याला आजार समजतच नाहीत. काही जण सरळ मेडिकलवर जाऊन गोळी मागतात, तर काही जण क्वार्टर घेऊन झोपतात. दोन्ही रस्ते पुढे जाऊन महागात पडतात.

झोप कशामुळे उडते, गोळी न घेता ती कशी परत आणायची, आणि कधी डॉक्टर गाठायचाच, हे एका ठिकाणी वाचायला मिळावं म्हणून ही माहिती. जपून ठेवा, घरात वाचून दाखवा.

निद्रानाश कशाला म्हणायचं?

एखाद-दोन रात्री झोप न लागणं हा आजार नाही. लग्नघर, दवाखाना, गारपिटीचा अंदाज, यात कुणाचीही झोप उडते आणि चार-आठ दिवसांत परत येते.

पण पुढच्या तीनपैकी एक तरी त्रास आठवड्यातून ३ किंवा जास्त रात्री होतो, तो ३ महिन्यांपासून चालू आहे आणि दिवसा त्याचा परिणाम जाणवतो, तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात :

- अंथरुणात पडल्यावर अर्धा तास किंवा त्याहून जास्त वेळ झोप लागत नाही.
- मध्यरात्री जाग येते आणि पुन्हा डोळा लागत नाही.
- पहाटे ३-४ वाजता जाग येते, उठायची वेळ झालेली नसते, पण झोपही येत नाही.

मोठ्या माणसाला साधारण ७ तास किंवा थोडी जास्त झोप लागते. वय झालं की झोप हलकी होते, जाग लवकर येते. त्यामुळे सत्तरीतले बाबा पहाटे ४ ला उठतात आणि दिवसा ताजेतवाने असतात, तर तो आजार नाही. दिवसभर डोकं जड राहणं, चिडचिड, कामात चुका, गाडीवर डुलकी ही खरी खूण.

झोप येते कशी, हे आधी समजून घ्या

शरीरात झोपेची दोन कामं बरोबरीने चालतात.

पहिलं काम विहिरीच्या झिऱ्यासारखं. आपण जितका वेळ जागे राहतो तितकी झोपेची ओढ मेंदूत साचत जाते. सकाळी ५ ला उठलेल्या माणसाची विहीर रात्री १० पर्यंत भरते. पण दुपारी जेवून दोन-अडीच तास झोपलात तर दुपारीच मोटर लावून विहीर उपसल्यासारखं होतं. मग रात्री पाणी येणार कुठून? चहा-कॉफीतलं कॅफिन ही साचलेली ओढ मेंदूला जाणवूच देत नाही. म्हणून चहा घेतला की तरतरी वाटते.

दुसरं काम शरीराच्या घड्याळाचं. उजेड आणि अंधार पाहून हे घड्याळ चालतं. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य वाढतं, अंगाचं तापमान थोडं उतरतं आणि झोपेची वेळ होते. पेशींतलं हे घड्याळ कसं चालतं ते शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. हे घड्याळ रोज बदलत नाही. एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री काम केलं की ते गोंधळतं.

आपल्या भागातली कारणं

रात्रीची लाईट. शेतीच्या फिडरला थ्री फेज लाईट पाळीने मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. गहू, हरभरा, मका, दादर, केळी, सगळ्यांना पाणी द्यायचंच असतं. रात्री १२ ला मोटर चालू करायला गेलेला माणूस पहाटे घरी येतो आणि ७ ला पुन्हा गुरांच्या मागे लागतो. पुढच्या पाळीत दिवसाची लाईट आली तरी झोप लगेच जागेवर येत नाही. बिबट्या आणि सापाची भीती वेगळीच.

शिफ्टचं काम. भुसावळचे रेल्वे कर्मचारी, दीपनगरचे कामगार, एमआयडीसीतली पोरं, रात्रीचे ट्रकचालक, केळीच्या गाड्या भरणारे मजूर, यांचंही दुखणं हेच.

उकाडा. एप्रिल-मे मध्ये जळगाव, भुसावळ, धुळ्याचा पारा ४३-४४ च्या वर जातो. पत्र्याचं घर रात्री १२ पर्यंत तापलेलं असतं. झोप लागायला अंगाचं तापमान उतरावं लागतं, ते उतरतच नाही.

चहा, तंबाखू, दारू. संध्याकाळी ६ ला घेतलेल्या चहातलं निम्मं कॅफिन रात्री ११ ला अंगात असतं. तंबाखू, बिडी, गुटखा, मिसरी यांतलं निकोटिन मेंदूला जागं करतं, त्यामुळे झोपायच्या आधीची शेवटची पुडी झोप उडवतेच. दारूने डोळा पटकन लागतो हे खरं, पण दारू उतरली की पहाटे २-३ ला जाग येते. लघवी, घाम, छातीत धडधड सुरू होते. झोप तुकड्यातुकड्यांची होते आणि माणूस दुसऱ्या दिवशी आणखी थकतो.

मोबाईल. स्क्रीनचा उजेड एक भाग झाला. त्याहून वाईट म्हणजे बाजारभावाचे व्हिडीओ, भांडणाचे रील, ग्रुपवरचं राजकारण. अंग पडलेलं असतं, पण डोकं पळतच असतं. हा लेखही अंथरुणात पडून वाचत असाल तर आत्ता ठेवा, उद्या दुपारी वाचा.

काळजी. पेरणीला घेतलेलं कर्ज, पोरीचं लग्न, भाऊबंदकीची केस. दिवसभर कामात दाबून ठेवलेला विचार रात्री शांतता झाली की वर येतो.

घरातल्या बायांची झोप. ही कुणी मोजतच नाही. सगळ्यांच्या शेवटी झोपायचं आणि सगळ्यांच्या आधी उठायचं. नळाला पाणी अवेळी आलं की तेव्हा उठायचं. पंचेचाळीस-पन्नाशीत पाळी जाताना अंगातून वाफा निघतात, घाम येतो, झोप मोडते. "वयाचं आहे" म्हणून सोडून देऊ नका, यावर उपचार आहेत.

गोळीशिवाय झोप परत आणायची पद्धत

झोपेच्या सवयी आणि विचार बदलायची एक ठरलेली उपचारपद्धत जगभर वापरली जाते. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेने २०१६ साली सांगितलं, की जुनाट निद्रानाशात गोळीच्या आधी हीच पद्धत द्यावी. तिचे मुख्य नियम घरीही पाळता येतात.

१. उठायची वेळ पक्की ठेवा. रात्री झोप किती लागली ते बघू नका. रोज एकाच वेळी उठा आणि उठल्यावर अर्धा तास उजेडात राहा. झोपायची वेळ आपोआप मागून सुधारते.

२. झोप आल्याशिवाय बाजेवर पडू नका. ९ वाजले म्हणून पडायचं आणि १२ पर्यंत कूस बदलत राहायचं, याने मेंदूला सवय लागते की बाज म्हणजे जागायची जागा.

३. २० मिनिटांत डोळा लागला नाही तर उठा. घड्याळ बघू नका, अंदाजाने उठा. ओट्यावर किंवा दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा. माळ जपा, पोथी वाचा, शेंगा फोडा. मोबाईल नको, टीव्ही नको. पापण्या जड झाल्या की परत या. पुन्हा झोप गेली तर पुन्हा उठा. पहिले काही दिवस त्रास होतो, नंतर फरक पडतो.

४. बाज फक्त झोपेसाठी. बाजेवर बसून जेवण, हिशेब, रील, भांडण बंद. नवरा-बायकोचा संबंध तेवढा याला अपवाद.

५. अंथरुणातला वेळ कमी करा. ऐकायला उलटं वाटतं, पण सगळ्यात जास्त उपयोग याचा होतो. समजा तुम्ही रात्री ९ ला पडता आणि ५ ला उठता, म्हणजे ८ तास बाजेवर. पण झोप लागते साधारण ५ तास. मग काही दिवस रात्री ११.३० लाच पडायचं आणि ५ ला उठायचं, म्हणजे साडेपाच तास. आठवडाभर त्यातले ४ तास ४० मिनिटं किंवा जास्त झोप लागू लागली, की पुढच्या आठवड्यापासून १५ मिनिटं आधी पडायचं. असं करत पुरेशा झोपेपर्यंत यायचं. ५ तासांपेक्षा कमी वेळ कधीच ठेवू नका.

हा पाचवा नियम फिट येणाऱ्यांनी, मानसिक आजाराची औषधं चालू असणाऱ्यांनी, गरोदर बाईने आणि ट्रक, बस, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. सुरुवातीला दिवसा झोप येते आणि अपघात होऊ शकतो.

६. काळजीची वही करा. संध्याकाळी दिवे लागल्यावर १५ मिनिटं बसा. डावीकडे काळजी लिहा, उजवीकडे उद्या त्यासाठी काय एक काम करायचं ते लिहा. "सोसायटीचा हप्ता" समोर "सोमवारी सचिवाला भेटणं". रात्री तोच विचार आला तर मनाला सांगायचं, की ते वहीत लिहिलेलं आहे. लिहिता येत नसेल तर घरातल्या पोराला सांगून लिहून घ्या.

सोबत या साध्या गोष्टी :

- दुपारी ३ नंतर चहा-कॉफी नको. चहा घेतल्याशिवाय राहवत नसेल तर आधी निम्मा करा, मग बंद करा.
- दुपारची डुलकी २०-३० मिनिटं आणि ३ च्या आत. गजर लावून झोपा.
- जेवण झोपायच्या दोन-तीन तास आधी. रात्री शेवभाजी आणि तर्री ओरपून लगेच पडलं की छातीत जळजळ होणारच. आपली रात्रीची खिचडी पोटाला हलकी, फक्त वरून तेल बेताने घ्या.
- झोपायच्या तासभर आधी मोबाईल दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ आणा.

रात्री पाणी भरायला जावंच लागत असेल तर

- निघायच्या आधी संध्याकाळी तासभर झोप काढा.
- चहा रात्रीच्या सुरुवातीलाच घ्या. पहाटे ३ नंतर घेतला तर घरी येऊन झोप लागणार नाही.
- घरी आल्यावर "आता काय झोपायचं" म्हणत बसू नका. खोली अंधारी करा, खिडकीला गोधडी किंवा पोतं लावा, डोळ्यांवर उपरणं बांधा आणि सलग ४ तास झोपा. घरच्यांनी तेवढा वेळ उठवू नये. दिवसाची झोप म्हणजे आळस नाही, हे आधी घरात सगळ्यांना पटवा.
- डोळे मिटत असताना मोटरसायकल चालवू नका. बांधावर बसून १५-२० मिनिटं डुलकी घ्या, पण आधी बॅटरीने जागा बघून घ्या.
- शेजारच्या शेतकऱ्याशी पाळी लावा. एक रात्र त्याने दोघांच्या मोटारी बघायच्या, एक रात्र तुम्ही. सालदार असेल तर त्याच्याही झोपेचा हिशेब ठेवा.
- मोबाईल स्टार्टर बसवला आणि ठिबक असेल, तर मोटर चालू-बंद करायला दर वेळी अंधारात जावं लागत नाही.

मूळ उपाय मात्र दिवसाची लाईट हाच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये शेतीचे फिडर सौर ऊर्जेवर आणायचं काम चालू आहे, आणि असं काम पूर्ण झालेल्या फिडरवर दिवसा लाईट मिळते. "मागेल त्याला सौर कृषी पंप" योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला पंपाच्या किमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के भरावे लागतात. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५ एचपी आणि त्यावर साडेसात एचपीचा पंप मिळतो. अर्ज महावितरणच्या पोर्टलवर करता येतो. झोपेच्या लेखात ही माहिती कशाला असं वाटेल, पण वर्षभर रात्रीच्या पाळ्या करणाऱ्या माणसाला याहून मोठं औषध नाही.

उन्हाळ्यात झोपताना

- पत्र्यावर किंवा स्लॅबवर उन्हाळ्याआधी पांढरा चुना मारा, ऊन परतून जातं. संध्याकाळी धाब्यावर पाणी शिंपडा.
- आपल्याकडे एप्रिल-मेची हवा कोरडी असते, त्यामुळे कूलर आणि ओलं पोतं चांगलं काम देतं. पावसाळ्यात दमट हवेत कूलरने चिकचिक वाढते, तेव्हा नुसता पंखा बरा.
- झोपायच्या तासभर आधी साध्या पाण्याने आंघोळ करा. फार गार पाणी नको, कातडीच्या शिरा आखडतात आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही.
- अंगणात, खळ्यात जमिनीवर झोपू नका. मण्यार रात्रीच फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यालाच जास्त चावतो. त्याचा दंश दुखतही नाही, कित्येकदा खूणही दिसत नाही. बाज वापरा, मच्छरदाणी लावा, तिची कड गादीखाली खोचा. डास आणि साप दोन्हींपासून बचाव होतो. पहाटे अचानक पोटात दुखणं, पापण्या पडणं, बोलताना जीभ जड होणं असं दिसलं तर भगताकडे नेऊ नका, थेट १०८ ला फोन करा.

झोपेच्या गोळ्या : जपून

अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या एच-१ यादीत आहेत. १ मार्च २०१४ पासूनच्या नियमानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय त्या विकता येत नाहीत आणि मेडिकलवाल्याला प्रत्येक विक्रीची नोंद ठेवावी लागते. मालेगाव-धुळे पट्ट्यात "कुत्ता गोळी" म्हणून नशेसाठी विकली जाते ती अल्प्राझोलमच.

डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी ठरल्याप्रमाणे घ्यायला हरकत नाही. पण हे लक्षात ठेवा :

- रोज घेतली तर काही आठवड्यांत सवय लागते. मग गोळीशिवाय झोप येत नाही, आणि पुढे एकीने भागत नाही.
- बरेच महिने घेतलेली गोळी एकदम बंद करू नका. फिट येऊ शकते. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात.
- गोळी आणि दारू एकत्र कधीच नको. श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.
- म्हातारी माणसं गोळीच्या गुंगीत रात्री लघवीला उठताना पडतात, खुब्याचं हाड मोडतं.
- शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नाही.

घरगुती उपायांत कोमट दूध, तळपायाला तेल चोळणं याने त्रास काही नाही, मन शांत व्हायला मदत होते. जायफळ मात्र चिमूटभरच, जास्त झालं तर विषासारखं बाधतं. अश्वगंधा थायरॉईड असणाऱ्यांनी आणि गरोदर बाईने विचारल्याशिवाय घेऊ नये. अफू, भांग, गांजा हे उपाय नाहीत.

डॉक्टरांना कधी दाखवायचं?

- जोरात घोरणं, झोपेत श्वास अडकून दचकून उठणं, सकाळी डोकं दुखणं, दिवसा बसल्या जागी झोप येणं. हा श्वास अडकण्याचा आजार असू शकतो. यात झोपेची गोळी उलट धोक्याची.
- रात्री तीन-चार वेळा लघवीला उठावं लागणं. साखर तपासा, पुरुषांनी प्रोस्टेटही.
- पडल्यावर पायांत वळवळ होऊन सारखे हलवावेसे वाटणं. अंगात लोह कमी असलं की असं होतं, बायांत जास्त. रक्त तपासा.
- वजन घटणं, धडधड, हात थरथरणं. थायरॉईड तपासा.
- दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटणं, कशात मन न लागणं, पहाटे जाग येऊन जगणं नकोसं वाटणं. या बाबतीत एक दिवसही थांबू नका.

घरातला माणूस रात्र-रात्र जागतोय, बोलणं कमी झालंय, "माझ्यामागे तुम्ही नीट राहा" असं काही बोलतोय, तर त्याला एकटं सोडू नका. त्याला सरळ विचारा, "जीवाचं काही बरं-वाईट करायचा विचार येतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही, उलट माणूस मोकळा होतो. फवारणीची औषधं घरातून हलवा, कुलूपबंद करा आणि किल्ली दुसऱ्याकडे द्या.

कुठे जायचं?

- आधी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र. साखर, बीपी, रक्त तिथे तपासून होतं. आशाताईंना विचारलं तरी रस्ता सांगतील.
- जळगाव : शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, मानसोपचार विभाग.
- धुळे : श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, मानसोपचार विभाग.
- फोनवर : टेलिमानस, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. रात्री २ वाजता झोप येत नसेल तेव्हाही हा फोन लागतो.

मानसोपचार विभाग म्हणजे वेड्यांचा दवाखाना नव्हे. झोपेचे आणि काळजीचे पेशंट तिथे रोज येतात.

जाताना काय न्यायचं?

एका वहीत १०-१४ दिवसांची नोंद करा : किती वाजता पडलो, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलो, दुपारी किती झोपलो, चहा किती, दारू-तंबाखू किती, लाईट रात्रीची होती की दिवसाची. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटंही सोबत न्या. ही वही हातात असली की डॉक्टरांना निम्मं निदान तिथेच कळतं, आणि तुम्हालाही कळतं की झोप नक्की कुठे मोडतेय.

पहिल्या आठवड्यात सगळे नियम एकदम धरू नका. उठायची एक वेळ, दुपारी ३ नंतर चहा बंद आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत, एवढ्या तीन गोष्टींपासून सुरुवात करा. बाकीचे नियम एकेक करून पुढच्या आठवड्यांत घ्या. फरक दिसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.